अष्टमीचं पाणी

रत्नागिरीच्या थिबा पॉइंटवर उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी सबंध दिसते. पलीकडे सुरूचं बन, पुलावरून पावसकडे जाणाऱ्या गाड्या, आणि काजळी नदी समुद्राला मिळते तिथलं रुंद, मचूळ पाणी. पाहुणे आले की आम्ही त्यांना संध्याकाळी तिथं नेतो, सूर्य बुडेपर्यंत थांबतो आणि परत फिरतो. गावात जन्म काढलेल्या पुष्कळांचं खाडीशी नातं एवढंच असतं. राजिवड्यातल्या मच्छीमारांचं पोट तिच्यावर आहे, मुळे म्हणजे शिंपले काढणाऱ्या बायांच्या पायांना तिचा तळ ठाऊक आहे. उरलेल्या गावाला ती देखावा म्हणून पुरते. या पॉइंटला ज्याचं नाव आहे त्या ब्रह्मदेशच्या पदच्युत राजा थिबाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथंच वारला. तो कैदी होता. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं, तरी आम्हीही आयुष्यभर खाडी वरूनच बघत आलो.

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. आज आपल्या गावात भरती किती वाजता येईल, हे मात्र वर्गात कुणालाच सांगता आलं नसतं. पाण्याच्या काठावर राहायचं आणि पाणी आपलं नाही असं धरून चालायचं, ही सवय कोकणातल्या शहरांत इतकी मुरली आहे की ती सवय आहे हेही जाणवत नाही. ती सुटायला आम्हाला एक होडी बांधावी लागली.

आम्ही चौघं शाळेपासूनचे. एकाची आंब्याची बाग आहे, एक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, एक मैत्रीण दातांची डॉक्टर आहे आणि मी बँकेत आहे. चाळिशी ओलांडल्यावर बहुतेक मैत्र्यांचं जे होतं ते आमचंही होत होतं. भेटी व्हायच्या, पण भेटून करायला बोलण्यापलीकडे काही नसायचं, आणि बोलणं मुलांच्या मार्कांवर, आईवडिलांच्या दुखण्यांवर आणि जमिनीच्या भावांवर येऊन संपायचं. लहानपणी आम्ही भेटण्यासाठी म्हणून कधी जमलो नव्हतो. पतंग करायला, विहिरीत पोहायला, गणपतीची आरास उभी करायला जमायचो, आणि त्यात भेटणं होऊन जायचं. मोठेपणी कामं ज्याची त्याची झाली आणि आमच्या वाट्याला नुसत्या भेटी उरल्या.

होडीचं खूळ प्राध्यापक मित्रानं आणलं. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्रानं एक होडी लोकांपुढे ठेवली होती. होड्यांचे आराखडे करणारे जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल या दोघांची ती निर्मिती. लांबी जेमतेम अकरा फूट. सामान म्हणजे प्लायवुड, तांब्याची तार, फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. सुतारकामाचा गंध नसलेल्या माणसानं घराच्या कोपऱ्यात ती बांधावी, एवढ्यासाठीच ती आखलेली. पुढं अशा सत्तर हजारांवर होड्या पाण्यात उतरल्या आणि शिडाच्या होडीची हौस साध्या पगाराच्या माणसांना परवडू लागली. हे सगळं सांगून मित्र म्हणाला, “शेड आहे, चार माणसं आहेत, खाडी घरापासून दहा मिनिटांवर आहे. मग आपलं अडतंय कशात?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही त्याच पद्धतीची, थोडी मोठी, बारा फुटी होडी धरली.

शेड बागायतदार मित्राची. मार्चपासून मे अखेरीपर्यंत तिथं पाय ठेवायला जागा नसते. पेंढा, खोकी, पेट्या आणि पिकत घातलेल्या आंब्यांचा दरवळ. पावसाळा लागला की शेड रिकामी होते. त्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही मरीन प्लायची शीटं आणून टाकली.

फर्निचरचं साधं प्लाय होडीला चालत नाही. मरीन प्लायवर ‘आयएस ७१०’ हा भारतीय मानकाचा शिक्का असतो. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत, अशी त्याची परीक्षा आहे. डॉक्टर मैत्रीण दुकानदाराच्या शब्दावर थांबली नाही. तिनं एक तुकडा घरी नेला आणि परसातल्या चुलीवर दिवसभर उकळत ठेवला. संध्याकाळी तो हातात घेऊन तिनं सगळ्या कडा नखानं चाचपल्या. थर जागचा हलला नव्हता. त्यानंतरच करवत बाहेर निघाली.

शीट आठ फुटी आणि होडी बारा फुटी, तेव्हा दोन शीटांना जोड देणं आलं. त्यासाठी दोन्ही कडा तिरप्या रंधून एकमेकींवर चिकटवतात, आणि तो उतार प्लायच्या जाडीच्या आठपट लांब ठेवतात. आमचं प्लाय ६ मिलिमीटरचं, म्हणजे उतार ४८ मिलिमीटरचा. रंधा फिरू लागला की प्लायचे थर एकेक करून उघडे पडतात आणि कडेवर फिकट-गडद पट्टे उमटतात. पट्टे सरळ आणि सारख्या रुंदीचे आले तर उतार बरोबर. पट्टा कुठं फुगला किंवा अरुंद झाला, तर तिथं हात जड किंवा हलका पडलेला असतो. दुसरं मोजमाप लागत नाही. मी दिवसभर आकड्यांत असणारा माणूस, पण आपल्या हाताचा हिशेब असा लाकडावर उमटलेला तोवर कधी पाहिला नव्हता. आम्ही चौघांनी पाळीपाळीनं रंधा मारला आणि थोड्याच दिवसांत कुठला पट्टा कुणाच्या हातचा, हे न विचारता ओळखू येऊ लागलं.

मग शिवण. तळाचे दोन तुकडे, बाजूंचे दोन, पिछाडीची एक फळी. सगळ्यांच्या कडांना बारीक भोकं पाडायची, दोन कडा शेजारी आणायच्या, भोकांतून तांब्याची तार ओवायची आणि पकडीनं पीळ द्यायचा. जमिनीवर पसरलेल्या त्या सपाट तुकड्यांत होडी कुठंच दिसत नाही. पण शेजारच्या दोन कडांची वळणं मुद्दाम वेगवेगळी कापलेली असतात. तार पिळली की कडा भिडतात आणि प्लायला वाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एकेक पीळ बसत गेला तशी नाळ, म्हणजे होडीची पुढची बाजू, वर उचलली गेली, बाजू फुगल्या, आणि सकाळी जमिनीवर पडलेले तुकडे दुपारी आपल्या आकारात उभे राहिले. बागायतदार मित्राची आई, आमच्या काकू, घावन घेऊन शेडमध्ये आल्या होत्या. त्यांनी ताटली खाली ठेवली, नाळेवर हात फिरवला आणि विचारलं, “आणि सुकाणू कुणाच्या हातात देणार?” होडी झाली, असं आम्ही त्या प्रश्नापासून धरतो.

होडी शिवण्याची रीत आमच्या किनाऱ्याला परकी नाही. सिंधुदुर्गापासून गोवा-कारवारपर्यंत रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या काथ्यानं शिवलेल्या असत. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. काथ्याची शिवण होडी वाळूवर आदळली तरी जरा देते, फळी तडकू देत नाही. अलीकडे याच रीतीनं एक जहाजही बांधलं गेलं. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रातल्या जहाजावरून भारतीय नौदलाच्या ‘कौंडिण्य’ जहाजाचा आराखडा झाला. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली गोव्यात त्याच्या फळ्या काथ्यानं शिवल्या आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. त्यांची शिवण जन्माची. आमच्या तारेचं काम रेझिन सुकेपर्यंतच होतं. तरी पीळ देताना मनात येत होतं की कडेला कड बांधून पाणी बाहेर ठेवायचं, हे काम या किनाऱ्यावरच्या हातांनी शेकडो वर्षं केलं आहे.

सांधे जोडणाऱ्या रेझिनच्या कामात डॉक्टर मैत्रीण आमची गुरू झाली. रेझिन आणि हार्डनर ठरल्या प्रमाणात एकत्र केले की मिश्रण आपोआप तापू लागतं. खोल डब्यात ठेवलं तर डबा हातात धरवत नाही आणि बघता बघता सगळं दगड होतं. पसरट ताटलीत ओतलं तर उष्णता निघून जाते आणि काम करायला सवड मिळते. त्यात लाकडाचा चाळलेला भुसा घालून ते श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, आतल्या सांध्यात भरायचं आणि गोल टोकाच्या पट्टीनं एका दमात ओढून गुळगुळीत वळण द्यायचं. दाढेत मसाला भरून त्याला आकार देणं हा तिचा रोजचा धंदा. तिचं मनगट सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायचं आणि मागं एकसारखी गोलाई राहायची. पावसाळी हवेत सुकलेल्या रेझिनवर तेलकट थर धरतो. तो पाण्यानं धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर नीट बसत नाही. हा थर ती बोटानं ओळखायची. तीस वर्षांच्या ओळखीत तिच्या हातात एवढं कसब आहे हे आम्ही पाहिलं नव्हतं, कारण तिच्या खुर्चीत आम्ही नेहमी डोळे मिटूनच बसलेलो.

राजिवड्याचे चाचा आले ते बागायतदार मित्राच्या ओळखीनं. आयुष्यभर मासेमारीच्या होड्या बांधलेला, दुरुस्त केलेला माणूस. आमच्या हातात आराखड्याचे कागद होते. त्यांनी कागदांकडे बघितलं नाही. होडीभोवती एक फेरी घातली, वाकून एका डोळ्यानं नाळेपासून पिछाडीपर्यंत नजर टाकली, खिशातून सुतळी काढून दोन ठिकाणी ताणून बघितली.

“सरळ आहे,” ते म्हणाले. “शीड केवढं लावताय?”

प्राध्यापक मित्रानं आकडा सांगितला.

“कमी करा. दर्यावर वारा एका बाजूनं येतो. खाडीत तो डोंगराला लागून फिरतो. एवढं शीड तुम्हाला आवरायचं नाय.”

मित्र दोन दिवस वही घेऊन बसला. शिडाच्या मध्यावर वाऱ्याचा जोर, होडीचा गुरुत्वमध्य आणि कलल्यावर पाण्याचा आधार, असा सगळा हिशेब त्यानं पुन्हा मांडला, आणि शीड चाचांनी सांगितलं तेवढंच ठरलं. त्याला याचा आनंद झाला होता. वर्गात शिकवलेलं सूत्र आणि साठ वर्षांची नजर एकाच ठिकाणी येऊन थांबली, हे तो पुढं कितीतरी दिवस सांगत होता.

चाचा मग येत राहिले. पठाण, नाळ, डोलकाठी, परबाण, दामण हे शब्द त्यांच्या बोलण्यात ज्या त्या वस्तूवर हात ठेवून यायचे. तरुणपणी त्यांनी शिडाच्या होड्या हाकल्या होत्या. आता बंदरात फायबरच्या होड्या आणि इंजिनं आली आहेत. त्यांच्या नातवंडांना इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगता येतो, पण शीड कसं ओढायचं हे त्यांनी पाहिलेलं नाही. इंजिनानं कष्ट वाचवले, जीव वाचवले, आणि ते आलं हे चांगलंच झालं. पण आठवडी सुटीत पाण्यावर जाणाऱ्या माणसांना घाई नसते. शिडाची विद्या अशा माणसांनी सांभाळायला काय हरकत आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

शीड काकूंनी शिवलं. कापड सपाट असतं, पण शीड सपाट असून चालत नाही. त्याला पोट लागतं, तेव्हाच वारा त्यावरून वळतो आणि होडी ओढली जाते. म्हणून कापडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित गोलाईत कापून मग जोडायच्या. प्राध्यापक मित्र हे हातवारे करून समजावत होता, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “म्हणजे टक्स घालायचे. ब्लाउजला घालतो तसे. मग एवढं काय सांगतोस?” पायमशीन अंगणात आलं. जाड कापड सुईखाली सरकवायला दोघं लागत. शिडाचं पोट कुठं खोल हवं हे काकूंनी कापड दोन्ही हातांत धरून, वाऱ्याकडे तोंड करून ठरवलं.

एवढा खटाटोप करण्याऐवजी एखादी जुनी होडी विकत का घेतली नाही, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. याचं उत्तर मला कमांडर दिलीप दोंदे यांच्या सफरीत सापडतं. २००९-१० मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि ती घडत असताना दोंदे त्या कामात होते. भर समुद्रात काही मोडलं तर हाक मारायला कुणी नसतं. कुठली फळी कशाला जोडली आहे हे हाताला ठाऊक असेल तरच ती तिथं दुरुस्त होते. आमची खाडी आणि त्यांचा महासागर यांची बरोबरी नाही. पण नियम तोच आहे. आपल्या आणि पाण्याच्या मधे जी ६ मिलिमीटरची जाडी आहे तिचा इंच न् इंच आपण घासलेला असला, की होडीत बसल्यावर मन शांत राहतं. शेजारी बसलेल्यानं सांधे कसे भरले हेही पाहिलेलं असतं. असा विश्वास विकत मिळत नाही.

नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरला, आकाश मोकळं झालं, आणि होडी टेंपोतून पुलाच्या आतल्या अंगाला नेली. दोघांनी उचलावी इतकी ती हलकी. काकूंनी नारळ वाढवला. चाचांनी पुढचा दोर धरला. प्राध्यापक मित्रानं हिशेब करून बाहेरच्या बाजूला पेन्सिलीनं एक रेघ आधीच मारून ठेवली होती. होडी, सामान आणि तीन माणसं मिळून २५० किलो, म्हणजे होडीनं २५० लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारलं पाहिजे आणि पाणी त्या रेघेशी यायला पाहिजे. आम्ही तिघं आत बसलो. मित्र गुडघाभर पाण्यात उभा राहून वाकला. पाणी रेघेला लागलं होतं. आर्किमिडीज त्यानं वीसेक वर्षं फळ्यावर शिकवला होता. त्या सकाळी त्यानं पाण्याला हात लावून तो तपासला.

त्या दिवशी शीड लावलंच नाही. कमरेएवढ्या पाण्यात नेऊन होडी मुद्दाम उलटवली. नाळेखाली आणि पिछाडीला हवाबंद कप्पे ठेवले होते, त्यामुळं उलटली तरी ती तरंगत राहिली. तळातून पाण्यात सोडलेल्या मधल्या फळीवर पाय देऊन, कडेला लोंबकळून तिला पुन्हा सरळ करायचं, आत चढायचं, डब्यानं पाणी उपसायचं. सगळ्यांना झोपेत जमेल इतक्या वेळा हे केलं. लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, हा नियमही त्याच दिवशी झाला. पोहता येतं म्हणून कुणाला त्यातून सूट नाही.

शीड पहिल्यांदा भरलं तो क्षण मात्र सांगितला पाहिजे. दामण, म्हणजे शीड ओढून धरायची दोरी, माझ्या हातात होती आणि शीड सैल फडफडत होतं. मी दामण ओढली. फडफड थांबली, कापडाला पोट आलं, आणि हातातल्या दोरीत एकदम जीव आला. तिला ओढ लागली. त्याच वेळी सुकाणूच्या दांड्यातून बारीक थरथर तळहातात यायला लागली. होडी किंचित कलली आणि बाजूनं पाणी वाहत गेल्याचा आवाज सुरू झाला. इंजिन नाही, वल्हं नाही. जी हवा अंगणात कपडे वाळवते तीच आम्हाला घेऊन निघाली होती. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. वाऱ्याला तिरकं धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी वळणं घेत वर चढावं लागतं. पुढं दोरी धरणारा आणि मागं सुकाणू धरणारा यांचं एकमेकांकडे लक्ष नसेल तर प्रत्येक वळणावर होडी ठप्प होते. त्या वळणांनी आमचे जुने वाद निकालात काढले. डोलकाठी कुठं बसवायची यावरून शेडमध्ये आमचं बरंच वाजलं होतं. पाण्यावर त्याचा निकाल लगेच लागला, आणि ज्याचं चुकलं त्याला कुणी बोललं नाही, कारण पुढचं वळण आलं होतं.

भरतीचं गणित चाचांनी एका वाक्यात दिलं: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, तर भरती तीनच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. उत्तर थोडंफार इकडंतिकडं होतं, पण होडी लोटायला ते पुरतं. चंद्र रोज जवळपास ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते; एका तिथीमागे ४५ मिनिटं धरणारा हा हिशेब कालनिर्णयाच्या पानावर कुणालाही करता येतो. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर तिथ्या आम्हाला उपासांपलीकडेही कळल्या असत्या.

या हिशेबातून आम्हाला अष्टमी सापडली. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण होते आणि दुपारी बारापर्यंत पाणी समुद्राकडे ओसरत राहतं. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. म्हणजे पाणी आणि वारा दोन्ही खाली मुखाकडे नेतात. अकरा-बाराच्या पुढं वारा पालटतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि बाराला पाणीही आत फिरतं. परतीची वाट दोघं मिळून करून देतात. शिवाय अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. उधाणासारखी पाण्याला ओढ नसते, त्यामुळं नवख्या हातांना आवरतं. आम्ही खाली जातो ते मुखाच्या बरंच अलीकडेपर्यंत. मुखाशी वाळूचा दांडा आहे. बाहेर जाणारं ओहोटीचं पाणी समोरून येणाऱ्या लाटेला भिडतं, लाट उभी राहते आणि जागेवर फुटते. ती जागा राजिवड्यातल्या माणसांची. आम्ही तिथं जात नाही.

आता खाडी आम्हाला कळते. कुठल्या वळणावर तिवरांच्या आडोशाला वारा पडतो, कुठं ओहोटीला चिखल वर येतो, कुठल्या खडकावरची कालवं होडीच्या तळाला खरवडतील, हे अंगवळणी पडलं आहे. वरून एकसारखं दिसणारं पाणी आत अनेक रंगांचं आणि अनेक चालींचं आहे. ब्राह्मणी घार मासा उचलते ती आमच्या डोक्यावरून. मुळे काढणाऱ्या बाया पाणी कधी फिरणार ते आम्हाला सांगतात, आणि आम्ही त्यांना वाट सोडून लांबून जातो. मधल्या फळीला प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. त्या काढताना त्यांतल्या दुकानांची नावं वाचता येतात, आणि ती आपल्याच गावातली असतात. पूर्वी पुलावरून कुणी कचरा टाकताना दिसलं की मी मान फिरवायचो. आता थांबतो आणि बोलतो. ज्या पाण्यानं आपल्याला तोलून धरलं आहे त्याच्यावर कुणी घाण टाकली तर ती अंगावर आल्यासारखी वाटते.

आमच्यात फरक पडला तो असा. आम्ही पुन्हा काहीतरी करायला जमू लागलो. पावसाळ्यात होडी उलटी घालून घासायची असते, रंग द्यायचा असतो, शिडाची शिवण उसवली तर काकूंकडे न्यायची असते. मुलांच्या मार्कांचं, दुखण्यांचं बोलणं आजही होतं, पण हातात पॉलिशपेपर असताना ते हलकं होतं. मध्यंतरी आमच्यातल्या एकाचे वडील गेले. दिवस झाल्यावर तो शेडमध्ये आला, कुणाशी न बोलता वल्हं घासत बसला, आणि आम्ही त्याच्या शेजारी बसून दुसरं वल्हं घासलं. त्या वेळी बोलायला शब्द नव्हते, काम होतं, आणि ते पुरलं. माझं ठाम मत आहे की मैत्रीला सगळ्यांत जास्त गरज सामाईक कामाची असते. ते काम थोडं अवघड हवं, एकट्याला न पेलणारं हवं, आणि त्याची परीक्षा घेणारं कुणीतरी निःपक्षपाती हवं. पाण्याइतका निःपक्षपाती परीक्षक मला माहीत नाही.

तुमच्या गावात खाडी असेल, संथ नदी असेल, परवानगी मिळणारा तलाव असेल, तर तुम्हीही हे करा. आमची होडी साध्या मोटारसायकलीपेक्षा कमी पैशांत झाली. आधी पोहायला शिका. लाइफ जॅकेट होडीच्या आधी घ्या. गावात होड्या बांधणारा जो कुणी म्हातारा उरला असेल त्याच्याजवळ जाऊन बसा, तो सांगेल ते मन लावून ऐका आणि त्याच्या कष्टाचा मोबदला त्याला द्या. मुलांना तिथीची पाऊणपट करायला शिकवा. जूनमध्ये एखादी शेड, पडवी, वापरात नसलेला गोठा शोधा आणि तीन मित्रांना फोन करा. चार माणसं पुरतात.